दाजींचे टेक

आमच्या दाजींकडे माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ नऊ आहेत. हे सांगितलं की लोक विचारतात, “नऊ भाग निघालेत का?” नाही. रेकॉर्ड एकच. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ती न्यूयॉर्कला कोलंबियाच्या स्टुडिओत वाजवली गेली, त्याच ऑगस्टमध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून छापली जातेय ती अजून थांबलेली नाही. न थांबण्यात दाजींचाही थोडा वाटा असावा. एक प्रत मोनो आहे, एक स्टिरिओ. एकीच्या लेबलावर डोळ्यांसारखी सहा चिन्हं आहेत म्हणून ती ‘सिक्स आय’. एकीवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली आहेत. शहाणा माणूस असला माल दुकानदाराला परत करेल, दाजींनी तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. एक जपानी आहे. तिला बाहेरून कागदी पट्टा असतो, त्याला ओबी म्हणतात, आणि त्या घरात नातवाला हात लावायची बंदी असलेल्या वस्तूंत गॅसच्या शेगडीनंतर ओबीचा नंबर लागतो. एक निळ्या रंगाची आहे, पन्नासाव्या वाढदिवसाच्या मोठ्या खोक्यातून आलेली. उरलेल्या तीन का आहेत ते मला समजावून सांगण्यात आलं आहे. मी मान डोलावली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. माणूस असा की मंडईतून घरी यायचा ठरलेला रस्ता महापालिकेने खणून ठेवला तरी खणलेल्या रस्त्यानेच येईल. इस्त्रीचे कपडे बुधवारी, नखं रविवारी, प्रवासाला निघायचं तर गाडीच्या आधी पाऊण तास फलाटावर. नोकरीत असताना अंदाजपत्रकाबाहेर सिमेंटचं एक पोतं त्यांनी जाऊ दिलं नाही, हे त्यांचे शत्रूही कबूल करतात. अशा माणसाने आयुष्यभर भक्ती कोणाची करावी? तर पुढचा सूर कोणता लावायचा हे मागचा सूर संपेपर्यंत ज्यांचं ठरलेलं नसतं, अशा मंडळींची. जॅझमध्ये धून नावापुरती वाजवून होते आणि मग तिच्या सांगाड्यावर ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो. आज सुचलं ते उद्या येईलच असं नाही. असं हे निसटतं प्रकरण दाजींनी कपाटात, क्रमांक टाकून, नऊ-नऊ प्रतींत बंदोबस्तात ठेवलं आहे.

नाद लागला तो मुंबईत. व्हीजेटीआयच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीत एक गोव्याचा मुलगा होता, त्याच्याकडे शॉर्टवेव्हचा रेडिओ. रात्री त्यावर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लागे आणि विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम ऐकू येई. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनाही कळावं म्हणून कॉनोव्हर फार सावकाश आणि खर्जात बोलायचा. दाजींचं इंग्रजी आजही त्याच वळणाचं आहे. मंत्रालयात धरणाच्या गळतीवर ते निवेदन करू लागले की संपल्यावर आता रेकॉर्ड लागणार अशी आपली उगाच समजूत व्हायची, असं त्यांच्या हाताखालच्या एका उपअभियंत्याने मला सांगितलं.

१९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. रंगभवनात सॉनी रोलिन्स सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि मागच्या रांगेत दाजी जे उभे राहिले ते मनाने अजून बसलेले नाहीत. हा रोलिन्स त्याच्या दहाएक वर्षं आधी पवईच्या आश्रमात योग आणि वेदान्त शिकायला येऊन राहिला होता. पवईला आयआयटीत नंबर लागला नाही याचं दाजींना शल्य होतं. ही हकिगत कळल्यावर त्याचं रूपांतर ‘आपल्याला पवईला चुकीच्या कारणासाठी जायचं होतं’ या तत्त्वज्ञानात झालं. रोलिन्सची आणखी एक गोष्ट त्यांची आवडती आहे. १९५९ ते ६१ या काळात त्याने मैफली बंद ठेवल्या होत्या आणि तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करायचा, कारण शेजारीण गरोदर होती आणि तिला आवाजाचा त्रास नको. हे सांगताना दाजींचा कंठ दाटतो, आणि कंठ दाटला की ते ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवतात. एकदा खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले. ताईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि दाजींना म्हणाली, “अहो, म्हात्रे पूल काही लांब नाही.”

दाजींनी रेकॉर्ड खरेदी करताना पाहणं हा एक कार्यक्रम आहे. पूर्वी ते फोर्टच्या फुटपाथवर आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटला जात, पुण्याच्या जुन्या बाजारात तर बुधवार-रविवार हजेरीच. विक्रेता पुढे गठ्ठा टाकतो. दाजी उकिडवे बसतात, गठ्ठा एका बोटाने चाळतात, एक रेकॉर्ड बाहेर काढतात आणि खिशातून विजेरी आणि घड्याळजीचं भिंग काढतात. वाजवणारा कोण हे ते शेवटी बघतात. आधी शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतची कोरी जागा, तिथे कोरलेली अक्षरं. ब्लू नोट कंपनीची रेकॉर्ड असेल तर तिथे ‘आरव्हीजी’ हवं, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा पेशाने डोळे तपासून चष्मे देणारा. त्याने न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात निम्मं जॅझ ध्वनिमुद्रित करून ठेवलं. शेजारी कानासारखी एक खूण हवी. तो खरं म्हणजे वळणदार ‘पी’ आहे, ज्या कारखान्यात तबकडी दाबली त्याचा, पण जगभरचे संग्राहक त्याला ‘कान’च म्हणतात. मग लेबलावरचा पत्ता. इथे दाजी स्थळ बघायला आलेल्या मुलीच्या बापासारखे वागतात. पत्ता ‘लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू’ असेल तर घराणं उत्तम, ‘४७ वेस्ट ६३’ असेल तर करायला हरकत नाही, नुसतंच ‘न्यूयॉर्क’ म्हटलं असेल तर पत्रिका बघू. आणि ‘लिबर्टी’चं नाव दिसलं, म्हणजे कंपनी विकली गेल्यानंतरचं प्रकरण निघालं, तर “कळवतो” म्हणून उठायचं.

एवढ्या चौकशीनंतर घरी आलेली रेकॉर्ड लगेच वाजते असं नाही. आधी तिला आंघोळ. डिस्टिल्ड वॉटर, त्यात मोजून दोन थेंब द्राव, मऊ ब्रश, मग उभं ठेवून वाळवणं. मग नवं आतलं पाकीट, बाहेरचं प्लास्टिक, वहीत नोंद. मग सुई किती भाराने टेकते ते छोट्या तराजूवर बघायचं, दोन ग्रॅमला काटा जरा इकडेतिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. मग टर्नटेबलवर गवंड्याची पाणसळ ठेवायची. ही पाणसळ खात्यातून आलेली नाही, स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहे, हे ते न विचारता सांगतात. एवढं होईपर्यंत जेवायची वेळ होते.

रविवारी संध्याकाळी आम्हाला श्रवणाला बोलावणं असतं. श्रवण म्हणजे असं. दाजी ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू लावतात. पियानो आणि बास हलके हलके काहीतरी पुटपुटतात, मग बास ती ठरलेली धून घेतो, बाकीची मंडळी त्याला हुंकार देतात, आपण जरा मागे रेलतो, माइल्सचा ट्रम्पेट आता उठणार, आणि दाजी सुई उचलतात. “आता हेच मोनोमध्ये ऐक.” पुन्हा पुटपुट, पुन्हा हुंकार, पुन्हा सुई वर. “आता जपानी. झांजेकडे लक्ष दे.” झांजेकडे लक्ष दिल्यावर विचारतात, “काय वाटलं?” काहीही उत्तर दिलं तरी चालतं, फक्त ‘सारखंच वाटलं’ म्हणायचं नाही. ते एकदा माझ्या भाच्याने म्हटलं, तेव्हा त्याला पाकिटांवरची धूळ पुसायला बसवलं होतं. भाच्याने फोनवर, एका कानात बोंडूक घालून, पीएमटीच्या गर्दीत ती रेकॉर्ड शेकडो वेळा शेवटपर्यंत ऐकलेली आहे. त्यातला सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचा तुकडा तो तोंडाने म्हणून दाखवतो. पण फोनवर ऐकलेलं दाजींच्या हिशेबात धरलं जात नाही.

पूर्वी असं नव्हतं. ताईचं लग्न झालं तेव्हा दाजींकडे या रेकॉर्डची एकच प्रत होती, त्यामुळे दोन्ही बाजू पूर्ण वाजायच्या. त्या काळातली एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. ताई गांधर्व महाविद्यालयाची संगीत विशारद. जॅझशी तिचं देणंघेणं नव्हतं, पण कान बंद करून पोळ्या कोण लाटतं? एकदा कणकेचे हात घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, “हे कुठल्या पट्टीत चाललंय? पांढरी दोन म्हणावं तर चढं आहे, काळी दोन म्हणावं तर उतरं.”

“अगं, तो पियानो आहे,” दाजी म्हणाले. “तुझी पेटी नव्हे.”

ताई हात धुऊन पेटी घेऊन आली. पांढरी दोन दाबली. रेकॉर्ड वर, पेटी खाली. दाजींनी प्रथम पेटी खोटी ठरवली. मग पावसाळी हवा. मग, मनावर दगड ठेवून, टर्नटेबल. स्ट्रोबोस्कोपची चकती आणून ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवून पाहिली. रेषा जागच्या जागी स्थिर, ३३⅓ म्हणजे ३३⅓. तोवर रेकॉर्ड उलटवून झाली होती. ताईने आतून सांगितलं, “आता बरोबर लागलंय. पांढरी पाच.” एकाच तबकडीची एक बाजू सुरात आणि दुसरी नाही, हे इंजिनिअरच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. दाजींनी पेटी दुरुस्तीला टाकली.

नव्वदच्या दशकात कंपनीने ‘काइंड ऑफ ब्लू’ची दुरुस्त गतीची आवृत्ती काढली आणि खुलासाही केला. २ मार्चला ज्या यंत्रावर मूळ फीत भरली गेली ते जरा हळू फिरत होतं, त्यामुळे फीत नेहमीच्या गतीने लावली की त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे अख्खी पहिली बाजू, किंचित जलद आणि चढी वाजायची. तीसहून अधिक वर्षं सारं जग ती चढीच ऐकत आलं होतं. खबरदारी म्हणून त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावरही फीत चालू ठेवलेली होती, तिची गती बरोबर होती, तीवरून दुरुस्ती झाली. दाजींनी हे वाचलं. ताईला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही ‘काय गंमत बघ’ अशा सुरात. आणि नवी आवृत्ती मागवली. ताईने पार्सल पाहिलं आणि विचारलं, “ही तर आहे ना आपल्याकडे?”

दाजी एक क्षणही थांबले नाहीत. “तुझ्यासाठी मागवली,” म्हणाले. “तू नेहमी म्हणायचीस ना, पट्टी चढी आहे म्हणून.”

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा माणूस कलावंत आहे. वाद्य ते कुठलंच वाजवत नाहीत, पण आयत्या वेळी सुचणं म्हणजे काय ते त्यांना आतून ठाऊक आहे. फक्त त्यासाठी दारात पार्सल लागतं आणि ताईचा प्रश्न लागतो, “केवढ्याला?” धून ठरलेली आहे: “फार नाही.” त्यापुढे विस्तार. कधी डॉलर उतरलेला असतो. कधी एका मित्राला घर बदलायचं असतं आणि त्याचं ओझं कमी करणं हे आपलं कर्तव्य असतं. कधी विकत घेतलेलीच नसते, बदली केलेली असते. “हे खोकं दिसतंय एक, पण आत सात आहेत, म्हणजे एक केवढ्याला पडली बघ.” “आत पुस्तक आहे ना, पैसे पुस्तकाचे, गाणी फुकट.” एकदा खोक्यावर कस्टमचा कागदच चिकटलेला होता, आकड्यासकट. मला वाटलं, आता संपलं. दाजी शांतपणे म्हणाले, “ती जाहीर करायची किंमत असते गं. द्यायची वेगळी असते.”

दाजी विसरतात, ताई विसरत नाही. तिच्याकडे हे सगळे टेक क्रमाने जपलेले आहेत. “हे तुम्ही मंकच्या वेळी सांगितलं होतंत,” ती म्हणते. “तेव्हा मित्र आधी आला होता आणि डॉलर नंतर.”

‘मंकच्या वेळी’ म्हणजे मोझेइक कंपनीची खोकी घरात यायला लागली तेव्हा. मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी या दोघांनी काढलेली ही कंपनी. १९८३ साली थेलोनियस मंकने ब्लू नोटसाठी केलेलं सगळं त्यांनी एका खोक्यात घातलं आणि तिथून जगातल्या संसारी पुरुषांच्या अधःपाताला सुरुवात झाली. काळं खोकं, भलीमोठी पुस्तिका, प्रती ठराविक, प्रत्येकीवर हाताने टाकलेला क्रमांक, दुकानात मिळायचं नाही, टपालानेच. आणि ‘सगळं’ म्हणजे सगळं. जे छापलं गेलं ते तर आहेच. जे त्या वेळी नापसंत करून बाजूला ठेवलं तेही. शिवाय सुरू केलं आणि चुकलं म्हणून सोडलं, तेही. ढोलवाला काठी पाडतो, कोणीतरी हसतं, पुन्हा एक-दोन-तीन-चार. दाजींना हा चुकलेला माल प्राणाहून प्रिय. ज्या माणसाने उपअभियंत्याच्या टिपणीतली वेलांटी चुकली म्हणून फाइल परत पाठवली, तो माणूस कोणा अमेरिकनाचा चुकलेला सूर तीनदा ऐकतो आणि डोळे मिटून म्हणतो, “वा.”

दाजींच्या एकूण खोक्यांतली दोन मलाही आवडतात, वेगळ्या कारणांसाठी. एक डीन बेनेडेट्टीचं. हा गृहस्थ स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, पण चार्ली पार्करचं इतकं वेड लागलं की पार्कर जिथे वाजवेल तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन हजर. पैसे वाचवायला म्हणा, भक्ती म्हणून म्हणा, पार्करची पाळी आली की यंत्र चालू आणि दुसरा वाजवू लागला की बंद. १९९० साली मोझेइकने ते सगळं सात सीडींत काढलं. म्हणजे सात सीडी भरून एकच माणूस बोलतोय आणि बाकीच्यांनी तोंड उघडलं की खटका. दाजी हे मोठ्या कौतुकाने सांगत होते. ताई म्हणाली, “यात नवल काय? आपल्याकडेही स्वतःचं बोलून झालं की तुम्ही खटका बंदच करता.”

दुसरं बिल एव्हान्सच्या त्रयीचं. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात दुपार-संध्याकाळ मिळून पाच फेऱ्या झाल्या, त्या सगळ्या ओळीने. लोक गप्पा मारतायत, पेले वाजतायत, कोणाला पर्वा नाही. आणि बास वाजवणारा स्कॉट लाफारो पुढच्या दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेला, वय २५. हे कळल्यावर त्या पेल्यांचा राग येतो. पण दाजी पाहुण्यांना ऐकवतात ते यातलं काही नाही. ते ऐकवतात अगदी पहिली रचना, कारण तिच्यात मधेच वीज जाते. “ऐक, ऐक… गेली!” त्यांचा चेहरा काय उजळतो म्हणून सांगू. खालच्या मजल्यावरचे आजोबा एकदा या कार्यक्रमाला होते. घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, “आमच्या गावाला आठवड्यात चारदा जाते. त्याचं कोणी खोकं काढत नाही.”

संग्राहकांना हसणं सोपं आहे आणि मी ते पोटभर करतो, पण एका मुद्द्यावर मी दाजींपुढे गप्प बसतो. २००८ साली हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात मोठी आग लागली आणि तिथल्या कोठारात मूळ ध्वनिफिती जळाल्या; किती गेलं याची चर्चा लोकांत व्हायला २०१९ उजाडावं लागलं. कोल्ट्रेनने ६ मार्च १९६३ ला केलेल्या एका ध्वनिमुद्रणाची मूळ फीत कंपनीकडे उरलीच नव्हती. त्याच्यापाशी असलेली प्रत पहिल्या बायकोच्या, नाइमाच्या, कुटुंबाकडे राहिली होती, म्हणून २०१८ साली ती रेकॉर्ड निघू शकली. मालक बेपर्वा आणि प्रत जपणारा भलताच कोणी, ही जॅझची जुनी रड आहे. दाजींनी ही नाइमाची गोष्ट ताईला मुद्दाम, दोनदा सांगितली. बायकांनी जपलं म्हणून टिकलं, हा त्यातला बोध.

“तिने पैसे देऊन घेतली नव्हती ना?” ताईने विचारलं.

निवृत्तीनंतर नव्या छपाईचं युग आलं आणि प्रकरण आणखी बिघडलं. जुन्या रेकॉर्डी पुन्हा मूळ फितीवरून, जाड, १८० ग्रॅमच्या. वजन पाकिटावर छापलेलं असतं. “गाणं वजनावर मिळतं का आता?” या प्रश्नावर दाजींनी ताईला खाचांच्या स्थैर्याबद्दल अर्धा तास सांगितलं, ती तोवर शेंगा सोलत होती. त्यातल्या एका नावाजलेल्या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डींवर दाजींचा फार जीव. मधे डिजिटल काही नाही, फितीतून थेट खाचेत, ऊब ऐकू येते ऊब, असं ते सांगायचे. २०२२ साली बातमी फुटली की मधे डिजिटल टप्पा होता, आणि चांगला बऱ्याच वर्षांपासून होता. दाजी जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, “मला संशय होताच.”

लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्या बाळंतपणाला दोघं गेले होते. ताई डिंकाचे लाडू वळत होती तेव्हा दाजी जावयाला घेऊन एंगलवूड क्लिफ्सला व्हॅन गेल्डरचा दुसरा, १९५९ सालचा स्टुडिओ बाहेरून बघायला गेले. बाहेरून झाडंच दिसली. परतताना विमान कंपनीने माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, एवढी मुभा दिली होती. दाजींनी घरातल्या वजनकाट्यावर गणित मांडलं. १८० ग्रॅम ही फक्त तबकडी. पाकीट, पुस्तिका, मधला पुठ्ठा धरून वजन किती, असे किती किलोत किती नग. त्या हिशेबात ताईचे दोन स्वेटर आणि व्याह्यांनी दिलेला डिनर सेट बसला नाही.

एवढ्या खर्चाची नोंद न ठेवणं दाजींच्या रक्तात नाही. खात्यात मेजरमेंट बुकात चढल्याशिवाय बिल निघत नाही, तसं इथेही वहीत चढल्याशिवाय रेकॉर्ड कपाटात जात नाही. वही जपानी आवृत्त्यांच्या मागे असते. रकाने आखलेले: अनुक्रमांक, कलावंत, लेबल, कोरीव क्रमांक, अवस्था, खरी किंमत, सांगितलेली किंमत. हे शेवटचे दोन रकाने मला ताईनेच दाखवले. धूळ पुसायला ती तिथे जाते हे अभियंत्याच्या अंदाजपत्रकात आलेलं नव्हतं. “दोन्हींची बेरीज करून ठेवतात रे पानाखाली,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच होता.

ताईची स्वतःची आवड सी. रामचंद्र. ‘अलबेला’ची गाणी ती स्वयंपाक करताना गुणगुणते आणि दाजी बाहेरून “जरा हळू” म्हणतात, कारण कोल्ट्रेन चालू असतो. २०१२ साली नरेश फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझवरचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक निघालं. दाजींनी ते एका बैठकीत वाचलं आणि मला रात्री फोन केला. आवाज कॉनोव्हरचा राहिला नव्हता. गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रम्पेट वाजवणारा, मुंबईच्या हॉटेलांत बँड चालवणारा, तोच सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवतो, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादांच्या मागे आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतोसुद्धा! म्हणजे जॅझ आपल्या स्वयंपाकघरात चालू होतं आणि आपण त्याला हळू म्हणत होतो. “तुमच्या वाईच्या वाड्यात ७८ च्या तबकड्यांची पेटी होती,” दाजी म्हणाले. “तिच्यात ‘अलबेला’ होता. काय झालं तिचं?”

मी ताईला विचारलं. पेटी दाजींच्याच घरात, माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे होती; वाडा विकला तेव्हा तिने आणून ठेवली होती. पण दाजींना तिने सांगितलं ते असं: “त्या मी एका मैत्रिणीला दिल्या. ती परत द्यायला तयार आहे, पण आता फुकट नाही म्हणते. तिलाही कोणीतरी सांगितलंय, दुर्मीळ आहेत म्हणून.” दाजींनी घासाघीस केली, ताईमार्फत. मैत्रीण बधली नाही. शेवटी पैसे दिले. दाजी वीजबिल भरायला गेलेले असताना मी पेटी माळ्यावरून काढली, स्कूटरवर ठेवून चतुःशृंगीपर्यंत चक्कर मारली आणि त्याच घरात परत आणून दिली. दाजींनी विजेरी, भिंग काढून तबकड्या तपासल्या. “मैत्रिणीने चांगल्या सांभाळल्यात,” म्हणाले. “फक्त पेटीला शेंदराचा वास कसा येतो?” ताईने सांगितलं, ती फार देवभक्त आहे. वहीत नोंद झाली. खरी किंमत भरली. सांगितलेल्या किमतीचा रकाना प्रथमच कोरा राहिला, कारण सांगायचं कोणाला?

त्या दिवाळीला ताई नवी पैठणी नेसली. मोरपंखी, पदर भरलेला. आम्ही फराळाला बसलो होतो. दाजींनी चकलीवरून नजर उचलली, पदर पाहिला, काठ पाहिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “केवढ्याला?”

“फार नाही,” ताई म्हणाली. “येवल्याचा माणूस सोसायटीत आला होता, थेट मागावरून, मधे दुकानदार नाही. त्याला गावी परत जायची घाई, ओझं नको होतं. माझी जुनी जरीची त्याने बदलीत घेतली. आणि दोन्ही बाजूंनी सारखी आहे बघा, म्हणजे दोन साड्या धरल्या तर एक केवढ्याला पडली?”

दाजींनी चकली बशीत ठेवली. डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून, कोल्ट्रेनबद्दल बोलताना काढतात त्या आवाजात म्हणाले, “ऐकलंस? पहिलाच टेक. आणि डॉलरला हातसुद्धा लावला नाही.”